माक्स एर्न्स्ट आणि त्याचा काळ



अतिवास्तववाद हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळे आणि त्याच्या पिळदार मिशा उभ्या राहतात. मुंबईशी तर दालीचे एक गमतीचे नातेही आहे. १९६७ साली एअर इंडियाने त्याच्याकडून एका राखदाणीची आकृती करवून घेतली, आणि मोबदला म्हणून त्याने पैशांऐवजी हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते विमानाने युरोपात पोचतेही केले. ही हकीकत ऐकून लोक हसतात आणि ‘ही कलावंत मंडळी अशीच विक्षिप्त’ असे म्हणून विषय संपवितात. माझी तक्रार आहे ती या हसून संपविण्याबद्दल. या चित्रांच्या मागे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा अत्यंत गंभीर इतिहास उभा आहे, आणि तो समजून घ्यावयाचा तर दालीकडे न जाता त्याच्याहून तेरा वर्षांनी वडील असलेल्या एका जर्मन चित्रकाराकडे गेले पाहिजे. त्याचे नाव माक्स एर्न्स्ट.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. ‘अतिवास्तव’ हा आपण रूढ केलेला प्रतिशब्द थोडा फसवा आहे. मराठीत ‘अति’ म्हटले की पुढे माती आलीच. मूळ फ्रेंच शब्दातील उपसर्गाचा अर्थ मात्र ‘वरचा’, ‘पलीकडचा’ असा आहे. वास्तवाचा अतिरेक किंवा वास्तवाकडे पाठ फिरविणे असे काही त्या मंडळींना म्हणावयाचे नव्हते. जागेपणी दिसणारे जग आणि स्वप्नात, भ्रमात, आठवणीत दिसणारे जग या दोहोंना सामावून घेणारे अधिक मोठे वास्तव त्यांना हवे होते. ते त्यांना सापडले की नाही, हा प्रश्न वेगळा.

माक्स एर्न्स्टचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी कोलोन शहराजवळच्या ब्र्यूल या लहान गावी झाला. घर कॅथॉलिक, मुलाबाळांनी भरलेले. वडील फिलिप एर्न्स्ट हे मूकबधिरांच्या शाळेत शिक्षक होते. शिस्तीचे, श्रद्धाळू, आणि फावल्या वेळात हौसेने चित्रे काढणारे. माक्स पाच वर्षांचा असताना त्यांनी त्याचेच चित्र बाल येशूच्या रूपात काढले होते. या वडिलांविषयी माक्सने पुढे एक गोष्ट सांगितली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. फिलिप आपल्या बागेचे चित्र काढीत होते. बागेतील एका झाडाची फांदी चित्राच्या रचनेत नीट बसेना, म्हणून त्यांनी ती चित्रातून गाळली. चित्र पुरे झाले, मनासारखे उतरले. पण चित्र आणि बाग यांत तफावत राहिली, हे त्या प्रामाणिक गृहस्थाला पटेना. तेव्हा ते करवत घेऊन बागेत गेले आणि त्यांनी खरी फांदीच तोडून टाकली.

ही गोष्ट शब्दशः तशीच घडली असेल किंवा मुलाने थोडी रंगविली असेल. परंतु चित्र आधी मनात पक्के करावयाचे आणि मग जगाला त्याबरहुकूम कापावयाचे, ही वृत्ती माक्सने घरातच पाहिली, आणि तिच्या उलट दिशेने जाण्यात त्याचे आयुष्य गेले. ही वृत्ती घराच्या कुंपणात राहिली असती तर आपल्याला तिच्याशी काही कर्तव्य नव्हते. पुढे ती सत्तेवर आली, म्हणून हा विषय इतिहासाचा होतो.

बालपणातील आणखी एक प्रसंग त्याच्या चित्रांत जन्मभर घर करून राहिला. १९०६ साली त्याचा लाडका काकाकुवा मेला, आणि तो मेलेला दिसला त्याच वेळी वडिलांनी धाकटी बहीण जन्मल्याची बातमी आणली. पोराच्या मनात पक्षी आणि माणूस यांची जी गल्लत झाली ती कायमचीच. पुढे ‘लोपलोप’ नावाचा एक पक्षिराज त्याच्या चित्रांत वारंवार येतो. तो दुसरा तिसरा कोणी नसून स्वतः माक्सच होय.

१९०९ साली तो बॉनच्या विद्यापीठात दाखल झाला. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, कलेचा इतिहास असे विषय त्याने घेतले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. याच काळात त्याने फ्रॉइडचा स्वप्नांवरील ग्रंथ वाचला आणि मनोरुग्णांच्या इस्पितळातील रुग्णांनी केलेली चित्रे व शिल्पे पाहिली. बरोबरचे विद्यार्थी तेथे रोगाची लक्षणे शोधीत. याला त्यांत प्रतिभेच्या चकाकी दिसल्या. आउगुस्ट माके नावाचा, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, उमदा चित्रकार त्याला मित्र म्हणून लाभला आणि त्याच्या संगतीत माक्सने चित्रकार होण्याचे ठरविले. १९१३ मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. सर्व काही सुरळीत चालले होते.

मग १९१४ चा ऑगस्ट उजाडला. माके सप्टेंबरमध्येच फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. वय अवघे सत्तावीस. माक्स तोफखान्यात गेला आणि पश्चिमेच्या व पूर्वेच्या दोन्ही आघाड्यांवर चार वर्षे काढून जिवंत परतला. आपल्या आत्मचरित्राच्या टिपणात त्याने या चार वर्षांचा हिशेब एका वाक्यात मिटविला आहे: युद्ध सुरू झाले त्या दिवशी आपण मेलो आणि ते थांबले त्या दिवशी पुन्हा जिवंत झालो, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मधल्या काळाविषयी अक्षर नाही. त्याच्या पिढीतील पुष्कळांचे असेच झाले. हे युद्ध रानटी टोळ्यांचे नव्हते, हे ध्यानात घ्या. विद्यापीठे, प्रयोगशाळा, वेळापत्रकाप्रमाणे धावणाऱ्या आगगाड्या, हिशेबी कारकून आणि दोन्ही बाजूंना आशीर्वाद देणारे धर्मोपदेशक यांनी मिळून ते चालविले होते. विवेक, शिस्त, प्रगती या शब्दांवर ज्यांना वाढविले गेले त्या मुलांनी त्या शब्दांचा हा उपयोग पाहिला. युद्धानंतर त्यांतील काहींनी ते शब्दच नाकारले, तर त्यात आश्चर्य वाटावयास नको.

या नकाराला त्यांनी ‘दादा’ असे नाव दिले. आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, किंवा गल्लीतील गुंड. फ्रेंच बालभाषेत त्याचा अर्थ खेळण्यातला घोडा, आणि एकूण शब्द निरर्थक म्हणूनच पसंत पडलेला. कोलोन शहर तेव्हा ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होते. तेथे माक्स, त्याचा मित्र बारगेल्ड आणि शिल्पकार आर्प यांनी एप्रिल १९२० मध्ये एका बिअरगृहाच्या आवारात प्रदर्शन भरविले. त्याच्या नावात ‘वसंताची चाहूल’ असे शब्द होते. आपल्या व्याख्यानमालेच्या नावातही वसंत आहे, पण साम्य तेवढ्यावरच थांबते. आत जाण्याची वाट पुरुषांच्या मुतारीतून होती. एक मुलगी चर्चमधील पहिल्या प्रसादविधीचा शुभ्र पोशाख घालून अश्लील कविता म्हणत होती. माक्सने मांडलेल्या एका लाकडी वस्तूला कुऱ्हाड बांधून ठेवलेली होती. ज्याला ती वस्तू आवडणार नाही त्याने खुशाल फोडावी. तक्रारी झाल्या आणि पोलिसांनी प्रदर्शन बंद केले. चौकशीत असे निघाले की ज्या चित्राला अश्लील ठरविले होते ते खुद्द ड्यूररच्या चारशे वर्षांपूर्वीच्या आदम-ईव्ह चित्राची प्रतिमा होती. प्रदर्शन पुन्हा उघडले. वडिलांनी मात्र मुलाला शाप देणारे पत्र लिहिले, असे माक्स सांगे.

हा सारा पोरकटपणा होता असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. दादाचा बराचसा भाग खरोखरच पोरकट आहे, आणि आज त्याची वर्णने वाचताना कंटाळाही येतो. पण याच धामधुमीत माक्सच्या हाती एक साधन लागले, ज्याने पुढच्या साऱ्या चित्रकलेचे वळण बदलले. १९१९ साली शालेय साहित्याचे एक सचित्र सूचिपत्र त्याच्या हाती पडले. त्यात वनस्पतींचे छेद, हाडांचे सापळे, भूमितीच्या आकृती, यंत्रांचे भाग, टोप्या असे काय वाटेल ते शेजारी शेजारी छापलेले. शिक्षकाच्या दृष्टीने ते शुद्ध, व्यवस्थित ज्ञान होते. ती पाने चाळताना माक्सला ते सारे एकमेकांत मिसळताना दिसू लागले. त्याने त्यावर रंग फासले, एक आकाशाची रेघ ओढली, दोन भलत्या वस्तू एकत्र चिकटविल्या, आणि निर्जीव सूचिपत्रातून नाट्य उभे राहिले. यालाच कोलाज म्हणतात. चिकटविण्याची युक्ती पिकासो व ब्राक यांनी १९१२ मध्येच केली होती. परंतु त्यांना वर्तमानपत्राचा तुकडा हवा होता तो पोत आणि आकार यांसाठी. माक्सला हवी होती ती दोन अनोळखी वस्तूंची गाठ पडली असता उडणारी ठिणगी. डिंकाला त्यात फारसे महत्त्व नाही.

या पद्धतीने पाहण्याची सवय त्याच्या तैलरंगांतही उतरली. १९२१ मधील ‘सेलेबिस’ हे चित्र घ्या. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. एका रिकाम्या मैदानात एक प्रचंड, करडा, गोलगरगरीत प्राणी उभा आहे. हत्ती म्हणावा तर सोंडेऐवजी बंबाच्या नळीसारखे काहीतरी आहे. यंत्र म्हणावे तर शिंगे आहेत. समोर एक शिर नसलेली स्त्री हात उंचावून खुणावते आहे. या राक्षसाचे मूळ कोठे आहे ठाऊक आहे? सुदानमधील लोक धान्य साठविण्यासाठी मातीची मोठी कणगी करतात, तिचे छायाचित्र माक्सने एका मासिकात पाहिले होते. कणगीसारखी पोटापाण्याची, निरुपद्रवी वस्तू, आणि युद्धातून आलेल्या माणसाला तिच्यात रणगाडा दिसला. चित्रात कोठेही युद्ध नाही, तरी वरच्या आकाशात एक धुराची रेघ आहे आणि ती पाहून पोटात गोळा येतो.

हे चित्र विकत घेतले ते पॉल एल्युआर या फ्रेंच कवीने. १९२१ च्या अखेरीस तो पत्नी गाला हिच्यासह कोलोनला माक्सला भेटावयास आला होता. दोघेही त्याच युद्धात, परस्परविरुद्ध सैन्यांत होते. तीन-चार वर्षांपूर्वी गाठ पडती तर एकाने दुसऱ्याला मारणे हे कर्तव्य ठरले असते. आता त्यांचे असे मैत्र जमले की १९२२ मध्ये माक्सला फ्रान्समध्ये येण्याचा परवाना मिळेना तेव्हा तो एल्युआरच्याच पासपोर्टवर पॅरिसला गेला. कोलोनला पत्नी लुईझ आणि दोन वर्षांचा मुलगा मागे राहिले. पॅरिसमध्ये तो एल्युआर दांपत्याच्या घरात राहिला, घराच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या, आणि गालाच्याही प्रेमात पडला. हीच गाला पुढे दालीची पत्नी झाली. या त्रिकोणाचे रसभरित वर्णन करणारी पुस्तके हवी तेवढी आहेत. आपण पुढे जाऊ.

ऑक्टोबर १९२४ मध्ये आंद्रे ब्रताँ याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य विचार असा की बुद्धीचा पहारा उठवून मनातून जे येईल ते येऊ द्यावे. कवीला हे सोपे आहे. लेखणी भरधाव सोडली की झाले. चित्रकाराने काय करावे? रंग घोटण्यात, कुंचला धुण्यातच पहारेकरी जागा होतो. अतिवास्तववादी चित्र असू शकते की नाही यावरच त्या मंडळींत वाद माजला. त्याचे उत्तर माक्सने तर्काने न देता एका खेळाने दिले.

१० ऑगस्ट १९२५ हा दिवस त्याने स्वतः नोंदवून ठेवला आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील पोर्निक या गावी तो एका खाणावळीत उतरला होता. खोलीच्या लाकडी जमिनीवरील फळ्या शेकडो वेळा घासून त्यांच्या रेषा उठून आल्या होत्या. त्याने फळ्यांवर कागद टाकून त्यावर काळे शिसे घासले. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घाशीत होतो आणि राजाचा मुखवटा किंवा अशोकस्तंभ उमटला की हरखून जात होतो. हा तोच खेळ. पण माक्सने उमटलेल्या रेषांकडे टक लावून पाहिले आणि त्याला त्यांत समुद्र, भूकंप, पक्षी, डोळे दिसू लागले. मग पाने, गोणपाट, उसवलेला दोरा असे काहीही तो कागदाखाली ठेवू लागला. १९२६ मध्ये या चौतीस चित्रांचा संच ‘निसर्गेतिहास’ या नावाने निघाला. पुढे हीच रीत त्याने तैलचित्रांत आणली: कॅनव्हासखाली वस्तू ठेवून वरचा रंग खरवडावयाचा. त्यातून त्याची ती काळीकभिन्न अरण्ये निर्माण झाली, ज्यांच्या माथ्यावर एक फिके वर्तुळ तरंगत असते.

भिंतीवरील डागांकडे पाहत राहिल्यास त्यांत डोंगर, लढाया, मुद्रा दिसतात, असा उपदेश लिओनार्दोने आपल्या शिष्यांना केला होता आणि माक्सने त्याचा आधार घेतला. फरक एवढाच की लिओनार्दोला डाग ही सुरुवात होती; पुढचे सारे काम हाताच्या कौशल्याचे. माक्स कौशल्याला मागे बसवितो. चित्रकार निर्माता नसून आपल्याच चित्राच्या जन्माला हजर असलेला प्रेक्षक आहे, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांनी चित्रात न बसणारी फांदी तोडली होती. मुलगा लाकडाच्या गाठीपुढे कागद पसरून, ती काय सांगते याची वाट पाहत बसला.

त्याच वर्षीचे, म्हणजे १९२६ चे, एक चित्र मात्र अगदी ठरवून, जुन्या इटालियन धाटणीने रंगविलेले आहे. माता मेरी बाल येशूला मांडीवर पालथा घालून चोपते आहे. पोराचे तेजोवलय जमिनीवर पडले आहे आणि मागच्या झरोक्यातून ब्रताँ, एल्युआर व स्वतः चित्रकार असे तीन साक्षीदार पाहत आहेत. धर्मनिष्ठ लोक खवळले. आपल्याला या खळबळीचे थोडे नवल वाटते. दह्याची हंडी फोडली म्हणून यशोदेने परब्रह्माला उखळाला बांधले, ही कथा ऐकत आपण वाढलो. देवाच्या पोरपणात आपल्याला पावित्र्यभंग दिसत नाही. पण ज्या मुलाला वडिलांनी बाल येशू म्हणून रंगविले होते त्याने हे चित्र काढले, हे लक्षात घेतले म्हणजे मार कोणाच्या पाठीवर बसत होता ते कळते.

यानंतर त्याने चित्रांच्याच कादंबऱ्या केल्या. एकोणिसाव्या शतकातील सवंग कादंबऱ्यांतील ठशांची चित्रे कापून त्याने नवी जोडली. १९३४ ची ‘औदार्याचा आठवडा’ ही त्यांतील सर्वांत मोठी. दिवाणखाने तेच, पलंग तेच, घरंदाज गृहस्थ तेच. फक्त गृहस्थाच्या धडावर सिंहाचे डोके आहे आणि पलंगापाशी समुद्राचे पाणी चढत आहे. सांधे इतके बेमालूम की कापलेली जागा दिसत नाही. आजच्या जाहिरातींत आणि पुस्तकांच्या वेष्टनांवर अशी जोडणी आपण रोज पाहतो व तिचा उगम विसरतो.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. हा गृहस्थ स्वतः चित्रकार होऊ पाहणारा; व्हिएन्नाच्या कला अकादमीने त्याला १९०७ आणि १९०८ असा दोनदा प्रवेश नाकारलेला. राष्ट्र कसे दिसावे याचे एक स्वच्छ, नीटस, निरोगी चित्र त्याच्या मनात तयार होते, आणि त्यात न बसणाऱ्या फांद्या तोडावयाची करवत आता त्याच्या हाती आली. माणसांच्या आधी चित्रांवर ती चालली. १९ जुलै १९३७ रोजी म्यूनिक येथे ‘अधःपतित कला’ या नावाने एक प्रदर्शन उघडले. जप्त केलेली साडेसहाशेवर चित्रे-शिल्पे वेडीवाकडी टांगून भिंतींवर टिंगलीचे मजकूर लिहिले होते. ते पाहावयास वीस लाखांहून अधिक लोक आले. माक्सचे १९२३ मधील ‘सुंदर माळीण’ हे चित्र तेथे होते. त्यानंतर ते कोणालाच दिसले नाही. मनोरुग्णांची चित्रे या नव्या चित्रांशेजारी ठेवून ‘पाहा, दोन्ही सारखीच’ असेही त्या प्रचारात दाखविले जाई. बॉनच्या विद्यार्थ्यानेही तेच साम्य पाहिले होते. त्याने त्यावरून मान तुकविली, यांनी शिक्षा ठरविली. आणि १९३९ च्या अखेरीपासून ते रुग्णही हजारोंनी मारले जाऊ लागले.

त्याच १९३७ मध्ये, स्पेनमधील प्रजासत्ताकाची पीछेहाट पाहून माक्सने ‘चुलीपाशीचा देवदूत’ हे चित्र काढले. नाव घरगुती, उबदार. चित्रात मात्र सपाट माळावरून एक चिंध्यांचा, पंजांचा, दातांचा अजस्र प्राणी नाचत येत आहे. अतिवास्तववाद्यांनी वास्तवाकडे पाठ फिरविली असे म्हणणाऱ्यांनी हे चित्र एकदा पाहावे. दोन वर्षांनी तो प्राणी खरोखरच युरोपभर नाचला.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा माक्स दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात लिओनोरा कॅरिंग्टन या तरुण इंग्रज चित्रकर्तीसह राहत होता. फ्रेंच सरकारने त्याला जर्मन म्हणून, म्हणजे शत्रू म्हणून पकडले. ज्याला जर्मनीने अधःपतित ठरविले त्याला फ्रान्सने जर्मन ठरविले! लेमील येथील विटा-कौलांच्या कारखान्यात ही माणसे डांबली होती. अन्नात, अंथरुणात, फुप्फुसांत विटांची भुकटी. हान्स बेलमर हा चित्रकारही तेथेच होता. त्याने माक्सचे जे चित्र काढले त्यात चेहरा विटांनी रचलेला आहे. एल्युआरने सरकारदरबारी खटपट करून मित्राला सोडविले, पण मे १९४० मध्ये त्याला पुन्हा पकडले. तो निसटला आणि घरी येऊन पाहतो तो घर दुसऱ्याच्या हाती गेलेले आणि लिओनोरा नाहीशी. ती मनाचा तोल जाऊन स्पेनमध्ये एका मनोरुग्णालयात पडली होती. १९४२ च्या उन्हाळ्यात याच लेमीलच्या कारखान्यातून सुमारे दोन हजार ज्यूंना आउशविट्झच्या वाटेला लावण्यात आले.

मार्सेय बंदरात व्हॅरिअन फ्राय हा अमेरिकन पत्रकार अडकलेल्या लेखक-कलावंतांना बाहेर काढण्याच्या उद्योगात होता. त्याची समिती, न्यूयॉर्कमध्ये पोचलेला मुलगा जिमी आणि पेगी गुगेनहाइम ही धनाढ्य कलासंग्राहक स्त्री यांच्या प्रयत्नांनी माक्सची सुटका जुळून आली. स्पेनच्या सरहद्दीवरची हकीकत तो सांगत असे. तपासनिसाने सामान उघडले, कॅनव्हास पसरले आणि तो पाहतच राहिला. मग म्हणाला, तुमचे कागद बरोबर नाहीत, तुम्हांला परत धाडणे भाग आहे; ही गाडी स्पेनला जाते, ती परत फ्रान्समध्ये; चुकूनही भलत्या गाडीत बसू नका. माक्स ‘भलत्या’ गाडीत बसला. १४ जुलै १९४१ रोजी तो विमानाने न्यूयॉर्कला उतरला, आणि तेथेही काही दिवस अटकेत राहिला.

लुईझ मात्र पोचली नाही. ती ज्यू होती, कलेतिहासाची पदवीधर होती. तिचा आणि माक्सचा घटस्फोट पूर्वीच झाला होता. मार्सेयला असताना त्याने, पुन्हा विवाह करून एकाच परवान्यावर निघू, असे तिला सुचविले आणि तिने ते मानले नाही, असे जिमीने आठवणींत लिहिले आहे. १९४४ मध्ये तिला पकडून आउशविट्झला नेण्यात आले. तेथेच तिचा अंत झाला. माक्सच्या चरित्रात या बाईला बहुधा दोन ओळी मिळतात. अतिवास्तववाद्यांनी स्त्रीला देवता, अप्सरा, गूढ असे सारे काही म्हटले. बरोबरीची कामकरी मानावयास मात्र ते फार उशिरा तयार झाले, आणि माक्स त्याला अपवाद नव्हता. लिओनोरा मेक्सिकोला जाऊन थोर चित्रकर्ती झाली ती त्याच्यापासून दूर राहून.

अमेरिकेत त्याने ‘पावसानंतरचा युरोप’ हे लांबलचक चित्र पुरे केले. सुरुवात १९४० मध्ये फ्रान्समध्ये झाली होती. ओल्या रंगावर काच किंवा कागद दाबून उचलला की शेवाळासारखे, पोवळ्यासारखे आकार उठतात. त्या आकारांतून त्याने एक कुजलेले, दगडात बदललेले खंड उभे केले. त्यात पक्ष्याच्या तोंडाचा एक पहारेकरी भाला घेऊन उभा आहे. १९४२ मध्ये तो आणखी एक खेळ खेळला: रंगाच्या डब्याला तळाशी भोक पाडून तो दोरीने कॅनव्हासवर झुलवावयाचा. रंगाच्या धारेने वळसे आपोआप उमटत. पेगीने त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये कलादालन उघडले आणि १९४३ मध्ये तेथे जॅक्सन पोलॉक या तरुणाचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. हाच पोलॉक चार वर्षांनी जमिनीवर कॅनव्हास पसरून रंग ठिबकवू लागला आणि जगप्रसिद्ध झाला. त्याने ही कल्पना माक्सकडूनच उचलली असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. तो सोडून देणे व थोपविणे यांत मुरलेला स्वतंत्र कलावंत होता. परंतु हाताची हुकमत ढिली करूनही गंभीर चित्र होऊ शकते हा धीर अमेरिकेच्या त्या पिढीला युरोपातून आलेल्या या निर्वासितांनी दिला, यात शंका नाही.

पेगीशी केलेला विवाह टिकला नाही. १९४६ मध्ये डोरोथिया टॅनिंग या चित्रकर्तीशी विवाह करून तो अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सेडोना येथे गेला आणि दोघांनी स्वतःच्या हातांनी घर बांधले. तेथील तांबडे कडे पाहून तो चकित झाला. असेच देखावे तो युरोपात बसून आधीच रंगवून चुकला होता. १९५३ मध्ये फ्रान्सला परतल्यावर पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला चित्रकलेचे पहिले पारितोषिक मिळाले. ब्रताँच्या मंडळाने या अपराधाबद्दल त्याला बहिष्कृत केले! नियमांविरुद्ध बंड करणाऱ्यांचेही नियम होतात, आणि पहिल्यांपेक्षा कडक होतात. १९६७ मध्ये त्याने हरवलेल्या माळिणीची आठवण धरून ‘सुंदर माळिणीचे पुनरागमन’ हे चित्र काढले. १ एप्रिल १९७६ रोजी, पंचाऐंशी पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, तो पॅरिस येथे वारला.

त्याच्या पद्धती कोणालाही करता येतात, म्हणून त्यांचा प्रसार झाला. आणि त्यामुळेच एक विलक्षण प्रकरणही घडले. वोल्फगांग बेल्त्राकी नावाच्या जर्मन भामट्याने माक्सची म्हणून अनेक ‘अरण्ये’ रंगवून विकली. नामांकित तज्ज्ञांनी ती अस्सल ठरविली. तो सापडला तो दुसऱ्याच एका चित्रकाराच्या नावावरील बनावट चित्रात, चित्रावरील १९१४ या सालाशी न जुळणारा टायटेनियमचा पांढरा रंग निघाल्यामुळे. २०११ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. नव्वद वर्षांपूर्वी याच शहरात पोलिसांनी माक्सच्या मंडळींच्या प्रदर्शनाला कुलूप लावले होते.

आणि ब्र्यूल? गावाने १९५१ साली आपल्या पुत्राचे मोठे प्रदर्शन भरविले. ते आर्थिक दृष्ट्या बुडाले आणि गावकीत बरीच कुरबुर झाली. १९६६ मध्ये गावाने सन्माननीय नागरिकत्व देऊ केले, तेव्हा माक्सने ते नाकारले. २००५ मध्ये तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. त्याची जुनी वास्तू १८४४ ची आहे; एके काळी ते नृत्यगृह होते, आणि तरुणपणी माक्स तेथे नाचावयास जात असे.